विरलेली जागा

आमच्या चर्चच्या मराठी उपासनेत पुलपिटवर चढून बोलायचं तर थिऑलॉजीची पदवी लागते. ज्याच्या नावानं आपण जमतो त्याचे शिष्य मासे पकडायचे, हे मी कमिटीचे चिटणीस संताजी यांना दोनदा सांगून पाहिलं. दोन्ही वेळा त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. मी दहावी नापास. चामराजपेटेत लग्नपत्रिकांच्या छापखान्यात प्रुफं तपासतो. बायबल मात्र तीनदा वाचलंय, वंशावळ्यांसकट. कमिटीतल्या एकानं जरी वंशावळ्या वाचल्या असतील तर माझं नाव बदला.

शहाण्णवच्या ऑगस्टात पाळकसाहेबांना अचानक बेळगावला जावं लागलं. दुसरं कुणी मिळेना, तेव्हा संताजी छापखान्यात आले.

"मधुकर, रविवारी दहा मिनिटं बोला. पण वाद नको."

या दहा मिनिटांची मी सात वर्षं वाट पाहिली होती. फसलो, तर पुढची सात वर्षंही उपासनेआधी सतरंज्याच घालत राहणार.

विषय तयार होता. अ‍ॅव्हेन्यू रोडच्या फुटपाथवर मला एक मुखपृष्ठ गेलेलं पुस्तक मिळालं होतं, आयर्लंडच्या जुन्या साधूंवरचं. वाऱ्यानं झोडपलेल्या बेटांवर बसून ही माणसं देवाशी बोलायची. चूल पेटवताना प्रार्थना, गाय पिळताना प्रार्थना. आणि काही जागा म्हणे अशा, की तिथं स्वर्ग आणि पृथ्वी यांच्यात नुसता पापुद्रा. इंग्रजीत त्यांना 'थिन' म्हणतात. मी मराठी केलं : पातळ जागा. स्वतःवरच खूश झालो.

शनिवारी संध्याकाळी घरमालकीण तानूबाईंना म्हणून दाखवलं. या मूळच्या निपाणीच्या, आमच्याच मंडळीतल्या. जुन्या लुगड्यांच्या गोधड्या शिवतात.

"पातळ जागा?" त्या म्हणाल्या. "आमटी पातळ असते रे. नाहीतर मी नेसलेय ते पातळ. जागा कशी असेल? उद्या बायका हसतील की."

"अक्का, ही अध्यात्मातली गोष्ट आहे."

"सरी, सरी," त्यांनी कानडीत मान्य केलं. "मग अध्यात्मातल्या बायका हसतील."

मी चिडलो. याकोबाचं उदाहरण दिलं. उशाला दगड घेऊन झोपला, स्वर्गाला टेकलेली शिडी दिसली, उठून म्हणाला, देव इथं होता आणि मला पत्ताच नाही!

त्यांचं लक्ष नव्हतं. एक जुनं लुगडं दोन्ही हातांनी खिडकीच्या उजेडात धरून त्या इंच इंच सरकवत होत्या.

"काय शोधताय?"

"विरलंय कुठं ते. हाताला कळत नाही, उजेडात धरलं की कळतं. हे बघ." एका जागी कापडाचे नुसते धागे उरले होते. पलीकडचं चिंचेचं झाड दिसत होतं, शेजारच्या मंजुनाथची सायकलसुद्धा. "गुडघ्यावरचं आहे. रोज पहाटे प्रार्थनेला टेकते ना. तुझी ती आयर्लंडची जागा अशीच असणार. पातळ जन्मली नसेल, बाबा. कुणीतरी घासून घासून विरली असेल."

माझ्या तीन वाचनांत हे कुठंच नव्हतं.

"आणि प्रभूच्या वधस्तंभाच्या वेळी मंदिरात देवाच्या जागेपुढचा पडदा फाटला ना? नवं कापड असं टरकन फाटतं होय? आधीच विरला असणार."

"पडदा देवानं फाडला. वरून खाली. आणि त्याच्याजवळ कुणाला जाऊच देत नव्हते!"

"फाडला देवानंच. पण ज्यांना जाऊ देत नव्हते, ती लांबूनच घासत असतील. तू नाही का सात वर्षं मागच्या सतरंजीवरून पुलपिट घासतोयस?" मग हसून म्हणाल्या, "तुझ्या नावानंही घासलंय हो मी. याचा राग स्वल्प कमी कर म्हणून. तेवढी जागा मात्र नव्यासारखी आहे."

रात्री मी 'पातळ' खोडलं, 'विरलेली' लिहिलं. तेवढ्यावर थांबलो असतो तर बरं. पुढं लिहिलं, 'माझ्या चिंतनात मला असं आढळलं'.

रविवारी तेवीस माणसं होती. संताजी पुढच्या बाकावर, घड्याळ मांडीवर. आयर्लंड झालं, याकोब झाला. कुणी जांभई दिली नाही. लुगडं आलं तेव्हा बायका पुढं सरकल्या. पडद्यापाशी संताजींनी घड्याळ खिशात ठेवलं. मी कागदावर पाहिलं : माझ्या चिंतनात. मागच्या सतरंजीवर तानूबाई मान हलवत होत्या, जणू पहिल्यांदाच ऐकतायत. माझी लाज राखत होत्या त्या. पदवीवाले दुसऱ्याचं ढापून बोलतात, अशी बोंब मीच मारत आलो होतो.

"हे माझं नाही," मी म्हणालो. "पडदा आणि लुगडं, दोन्ही तानूअक्कांचं. त्या मागं बसल्यात. आयर्लंड तेवढं माझं, तेही फुटपाथवरचं."

लोक मागं वळले. अक्कांनी पदर तोंडाला लावला.

बाहेर संताजींनी गाठलं. "चांगलं झालं. पण पुढच्या वेळी त्यांनाच का बोलवू नये?"

सात वर्षं मी जागा घासली आणि जागा मिळाली अक्कांना! घरी येऊन तसं त्यांना सांगितलं. म्हटलं, मला राग आलाय.

"बघू," म्हणत त्यांनी मला दंडाला धरून खिडकीकडे वळवलं, उजेडात लुगडं धरावं तसं, आणि डोळे बारीक करून वरून खाली पाहिलं.

"अजून जाडच आहेस. पण कॉलरीपाशी जरासं विरलंय."