दीड हात वरची कडी

मी कडी बोलतेय. दाराच्या आतल्या बाजूची. बाहेरून दिसतं ते कुलूप. त्याच्या किल्ल्या तीन-चार जणांकडे असतात आणि त्यातली कुठलीही चालते. मला किल्लीच नसते. घरात जो आहे त्याच्या हातानं मी लागते आणि त्याच्याच हातानं निघते. या गोष्टीचा मला फार गर्व होता. आता शरम वाटते. ती मनात ठेवून ठेवून जीव नकोसा झालाय, म्हणून तुम्हाला सांगते.

पितळ ओतून, कानशीनं घासून मला एका कारखान्यात बनवलं. माझी रचना साधी आहे. एक जाड दांडी, तिला एक मूठ. मूठ आधी वर उचलायची आणि मग बाजूला सरकवायची. नुसत्या धक्क्यानं, नुसत्या ओढण्यानं मी सुटत नाही. दुकानदार गिऱ्हाइकांना हेच दाखवून मला विकायचा.

मला विकत घेतलं काका-काकूंनी. वरच्या मजल्यावर चोरी झाली होती आणि काकूंनी धोशा लावला होता की कुलूप पुरे नाही. काका सरकारी नोकरीत होते. दुकानोदुकानी जाऊन वजनं आणि तराजू तपासायचे. त्यांनी मला तळहातावर घेतलं, दोनदा खालीवर केलं आणि दुकानदाराला म्हणाले, "खोक्यावर लिहिलंय त्यापेक्षा वीस ग्रॅम कमी भरेल ही." दुकानदारानं खोटं पाडायला म्हणून मला काट्यावर ठेवलं. अठरा ग्रॅम कमी भरले. दुकानदाराचा चेहरा पडला, आणि काका मात्र आपण दोन ग्रॅमनं चुकलो म्हणून घरी येईपर्यंत हळहळत होते.

त्यांनी मला स्वतःच बसवलं, आपल्या खांद्याच्या उंचीवर. काकू बुटक्या. टाचा उंच करून बघत म्हणाल्या, "मी काय जिराफ आहे? जरा खाली लावा की."

"तुला कशाला उघडायला लागतेय? मी आहे ना," काका म्हणाले.

रोज संध्याकाळी दिवे लागले की काकू आतून विचारायच्या, "कडी लावली का?" आणि काका म्हणायचे, "लावली." तीस वर्षं हा संवाद चालला. मग काकू गेल्या. त्यानंतरही काका मला लावून झाल्यावर आतल्या खोलीकडे तोंड करून "लावली" म्हणायचेच. मला वाईट वाटायचं, आणि खरं सांगायचं तर बरंही वाटायचं. त्या घरात अजून माझ्याबद्दल बोललं जात होतं.

काकू गेल्यावर दोन वर्षांनी काका बाथरूममध्ये घसरले. फार लागलं नाही, पण मुलगा धावत आला. तो दुसऱ्या गावी राहतो, कामाच्या रगाड्यात असतो. माणूस वाईट नाही. त्यानं चप्पलसुद्धा न काढता सांगून टाकलं, "बाबा, माझ्याकडे चला."

"हे घर सोडून मी कुठेही येणार नाही."

"मग मदतीला कुणीतरी येऊ दे. तिच्याकडे एक किल्ली राहील. आणि पुन्हा पडलात ना, तर मी विचारत बसणार नाही. सरळ उचलून नेईन."

काका त्या दिवसापासून याच एका वाक्याला घाबरून राहिले. मरणाला ते भीत नव्हते. घरातून नेतील, याला भीत होते.

एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांच्या घरी मदतनीस पाठवणारी एक संस्था होती. तिथून एक बाई यायला लागली. सोमवार, बुधवार, शुक्रवार, सकाळी नऊ वाजता. पहिले काही दिवस काका तिला "मदतनीस बाई" म्हणत, तेही नाक वर करून. महिनाभरात "अगं पोरी" वर आले. पोरगी कसली, पंचेचाळिशीची होती. पण तिच्या हाताला वळण होतं. तिनं आल्या आल्या घरातली सतरंजी गुंडाळून माळ्यावर टाकली, कारण तिच्यात पाय अडकतो. बाथरूमच्या उंबऱ्याला पांढरी पट्टी चिकटवली. गोळ्या वारांप्रमाणे डब्यांत भरून वर ठळक अक्षरांत वार लिहिले. बरण्यांची घट्ट झाकणं सैल करून ठेवायची, काकांच्या पायाची नखं कापायची, दिवा गेला तर बदलायची. आणि रोज लागणारी एकेक वस्तू तिनं वरच्या फळीवरून काढून कमरेच्या उंचीवर आणून ठेवली. म्हणायची, "काका, हात वर करायला लागला की तोल जातो. सगळं हाताशी पाहिजे."

सगळं हाताशी आलं. राहिले मी.

तिचं माझ्याकडे लक्ष गेलं नाही असं नाही. दुसऱ्याच आठवड्यात ती म्हणाली, "काका, ही कडी काढून टाकू या. तुम्ही आत पडलात तर माझ्याकडची किल्ली काय कामाची?" ती एका सुताराला घेऊनही आली. काकांनी त्याला पाणी दिलं आणि वाटेला लावलं.

"निदान खाली तरी घेऊ द्या," ती म्हणाली.

"पोरी, गोळ्या तू भरतेस. नखं तू कापतेस. पैसे मुलगा भरतो, डॉक्टर तो ठरवतो. घराच्या किल्ल्या तीन जणांकडे आहेत. माझ्या हातानं उघडणारी ही एक वस्तू राहिलीय. तिला हात लावू नकोस."

मी तेव्हा ताठ झाले. वाटलं, माझा माणूस आहे हा. किती मूर्ख होते मी!

शेवटी तडजोड झाली. ती येते त्या दिवशी काकांनी सहाला उठल्याबरोबर मला काढून ठेवायचं. काकांनी शब्द दिला. त्यांची बोटं सांधेदुखीनं वाकडी झाली होती, माझी मूठ त्यांना लवकर उचलेना, म्हणून ती बिचारी दर सोमवारी शिवणयंत्राच्या तेलाचे दोन थेंब माझ्या दांडीवर सोडायची. "आता बघा, लोण्यासारखी चालेल," म्हणायची.

काकांनी तो शब्द एक दिवसही पाळला नाही. ते मला सहाला काढत नसत. नऊला पाच मिनिटं कमी असताना दाराशी येऊन उभे राहत. जिन्यात तिच्या चपला वाजल्या की मूठ उचलून मला सरकवत. ती किल्ली लावायची, दार उघडायचं, आणि समोर काका हसत उभे. तिला वाटायचं, दार सकाळपासून नुसत्या कुलपावर आहे. पूर्वी मी सरकताना खट्ट असा आवाज करायची. तो बाहेर ऐकू गेला असता. पण तिनंच तेल घालून घालून माझा आवाज घालवला होता. दीड वर्ष तिला पत्ता लागला नाही.

आयुष्यभर दुसऱ्याचं खोटं पकडलेला माणूस, पण स्वतः खोटं करताना लहान मुलासारखा खूश व्हायचा. मला डोळा मारायचा कधीकधी. मीही त्यात सामील होते.

मग तो शुक्रवार आला. सकाळचे सात वाजले असतील. काका स्वयंपाकघरातून पाण्याचा पेला घेऊन निघाले आणि दारातच त्यांचा पाय दुमडला. पेला फुटला नाही, स्टीलचा होता. गडगडत बाहेरच्या खोलीत आला. त्याच्या मागून काकांचा आवाज आला, तो मी पूर्वी कधी ऐकला नव्हता.

बराच वेळ काही हालचाल नव्हती. मग ते सरपटत आले. कोपरांवर, एक पाय ओढत. स्वयंपाकघर ते दार, चौदा पावलांचं अंतर. त्यांना दीड तास लागला. ते मदतीसाठी ओरडत नव्हते, यावरून मला कळलं की त्यांच्या मनात काय आहे. नऊच्या आत मला उघडायचं होतं. ती आली की दार उघडं मिळायला हवं होतं. मग दोघांनी मिळून काहीतरी सारवासारव केली असती, आणि मुलाला "जरा मुरगळलंय" म्हणून सांगितलं असतं.

ते दाराला टेकून कसेबसे एका हातावर उठले आणि दुसरा हात वर केला. बोटांच्या टोकापासून मी दीड हात वर होते. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा. मग पायातली चप्पल काढून ती खालून माझ्यावर फेकायला लागले. चप्पल लागायची, मूठ किंचित उचलली जायची आणि परत बसायची. उचलली तरी बाजूला सरकवणार कोण? मला जन्मात पहिल्यांदा सुटावंसं वाटलं. जीव तोडून वाटलं. पण मला बनवलेलंच न सुटण्यासाठी.

नऊ वाजता चपला वाजल्या. किल्ली फिरली. दार ढकललं गेलं आणि माझ्यावर येऊन अडलं.

"काका?" ती म्हणाली. "काका, कडी लावलीय?"

"चुकून लागली गं. आजच," काका खालून म्हणाले.

"पडलात का? कुठे आहात?"

"दाराशीच आहे. ऐक, मुलाला फोन करू नकोस."

मी तिचा श्वास ऐकत होते. मग तिनं फोन केला. आधी रुग्णवाहिकेला, मग सुताराला, आणि सगळ्यात शेवटी मुलाला. करणारच. दुसरं काय करणार ती?

वरच्या मजल्यावरचा धिप्पाड शेजारी आला आणि खांद्यानं दार तोडायला निघाला. ती आडवी आली. "नको! काका दाराला टेकून पडलेत. दार त्यांच्या अंगावर येईल." तिसरा मजला, खिडक्यांना गज. सुतार गावाच्या दुसऱ्या टोकाला काम करत होता, त्याला यायला सव्वा तास लागणार होता. रुग्णवाहिकेची माणसं स्ट्रेचर घेऊन जिन्यात उभी राहिली.

ती दाराबाहेर फरशीवर बसली. मध्ये एवढंसं लाकूड. "काका, झोपायचं नाही. मला सांगा, दुकानदार काट्यात काय काय लबाडी करायचे?"

"तुला करायचीय का?" काका म्हणाले, आणि ती हसली. म्हणजे तिनं हसल्याचा आवाज केला.

त्यांनी सांगितलं. पारड्याच्या बुडाला मेण लावायचे. वजनाला खालून भोक पाडून आतलं शिसं काढायचे. एक जण तर काट्याच्या दांडीला करंगळी टेकवून बोलत राहायचा. बोलता बोलता आवाज बारीक होत गेला. "आणि एक होता," काका म्हणाले, "त्याला मी तीनदा पकडला, आणि चौथ्यांदा गेलो तर..."

"चौथ्यांदा काय झालं, काका?"

काका बोलले नाहीत.

"काका, चौथ्यांदा काय झालं?"

ती हे विचारतच राहिली. सुतार येऊन माझ्या शेजारी दाराला भोक पाडत होता, भुसा काकांच्या केसांवर पडत होता, तरी ती विचारत होती. पावणेअकराला सुताराचा हात आत आला, त्यानं मूठ उचलली आणि मी सरकले. अजिबात आवाज न करता.

काका जगले. खुब्याचं हाड मोडलं होतं; त्यात इतका वेळ गार फरशीवर पडून छातीत कफ धरला. महिनाभर दवाखान्यात होते. तिथून मुलानं त्यांना परस्पर आपल्याकडे नेलं. आपल्या घरात त्यांनी पुन्हा पाऊल ठेवलं नाही.

मुलगा घर आवरायला आला तेव्हा ती किल्ली परत द्यायला आली होती. तो म्हणाला, "दीड वर्ष रोज कडी लागत होती, आणि तुम्हाला कळलं नाही? बाबांनी स्वतः सांगितलं मला." ती माझ्याकडे बघत राहिली. मला वाटतं तेव्हाच तिला तेलाचं उमगलं. तिनं किल्ली त्याच्या हातात ठेवली आणि निघून गेली. संस्थेनंही तिला कामावरून कमी केलं, असं नंतर कानावर आलं. दोष द्यायचा तर मला द्यायचा, नाहीतर काकांना. पण कडीला कोण विचारतो, आणि म्हाताऱ्या माणसाला कोण बोलणार? सगळं तिच्या माथी आलं.

आता घर भाड्यानं द्यायचंय. सुतारानं भोक पडलेलं दार काढलं, मला उचकटलं आणि खिडकीच्या कठड्यावर ठेवलं. माझे दोन स्क्रू वाकडे झालेत. बाकी मी धडधाकट आहे, आणखी पन्नास वर्षं टिकेन, आणि त्याचाच मला धसका बसलाय.

काल ती आली होती, काकांचा चष्मा राहिला होता तो न्यायला. ती त्यांना भेटून आली होती. सुतारानं हातातलं काम थांबवून विचारलं, "कसे आहेत?"

"बसून असतात. त्यांच्या खोलीला आतून कडी नाही. बाथरूमलासुद्धा नाही. मुलानं सगळ्या काढून टाकल्यात. त्याचंही बरोबरच आहे म्हणा. पण कुणी दाराशी आलं ना, की आतून म्हणतात, 'थांबा हं, उघडतो.'"

"मग थांबतात का सगळे?"

"नाही हो. ढकलतात आणि आत जातात."

सुतार पुन्हा कामाला लागला. माझ्यासारखी कडी तुमच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या दाराला असेल, तर ती खाली घ्या, बाहेरूनही उघडेल अशी करा, नाहीतर काढून टाका. मी रागावणार नाही. पण काढलीत तर एवढं करा. आतून कुणी "थांबा, उघडतो" म्हणालं, की दार उघडंच आहे हे ठाऊक असलं तरी बाहेर थांबा. त्यांना उठून येऊ द्या.