दोन गल्ल्यांवरचं घर

मुहूर्त निघाला बुधवार सकाळचा आणि आगगाडी शुक्रवारची. म्हणून बुधवारीच मी प्रस्थान ठेवून कारैकुडीच्या देवळाशेजारच्या धर्मशाळेत येऊन पडलो. घर दोन गल्ल्यांवर, पण परदेशच्या पेढीवर एकदा निघालेल्या चेट्टियार सावकाराने घराचा उंबरा पुन्हा ओलांडायचा नाही. ओलांडला तर पेढीचे मालक अपशकुन धरतात आणि दुसऱ्याला धाडतात.

दहाव्या वर्षी मी रंगूनच्या पेढीत लागलो. वीस वर्षं राबल्यावर आता ब्रह्मदेशातल्याच मौलमीनच्या पेढीचा मुखत्यार होणार होतो, तीन वर्षांसाठी. आणि इकडे बायकोचे, उमैयाळचे, दिवस भरलेले. थोरली मुलगी मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा ती अडीच वर्षांची होती. मला बघून खांबामागे लपली. ते अजून खुपतं.

गुरुवारभर येरझारा घातल्या. सोबतीला पेढीतलाच चिदंबरम होता, माझ्या जागेवर डोळा ठेवून.

"वैरवा, बस की जरा. देवाची फरशी झिजेल."

"तू झोप."

"झोपतो कसला? तू कधी घरी पळतोस त्याची वाट बघतोय."

मेला हसत होता, पण खोटं बोलत नव्हता.

शुक्रवारी सकाळी आत्या धापा टाकत आली. "मुलगा झाला! दोघं सुखरूप."

"कसा आहे? आणून दाखव ना."

"खुळा की काय! अकरा दिवस बाळ बाहेर काढत नाहीत. तू आपली गाडी गाठ."

गाडीला दोन तास होते. म्हटलं, खिडकीतून बघून येऊ. खिडकी म्हणजे काही उंबरा नव्हे. असल्या पळवाटा पेढीवर आपोआप शिकतो माणूस.

खिडकी आतून लावलेली. "उमैयाळ, जरा उघड."

"नाही उघडणार." आवाज थकलेला, पण संतापलेला. "चोरासारखं तोंड बघायचं आणि तीन वर्षं नुसते पैसे धाडायचे? यायचं तर आत या. नाहीतर जा, मी रडणार नाही."

आत पोर टाहो फोडत होतं. मी गल्लीच्या तोंडापर्यंत गेलो, परत फिरलो, पुन्हा गेलो. मग पुढच्या दाराने सरळ आत शिरलो.

आत्याने कपाळावर हात मारला. "अरे कर्मा! आता मौलमीनला कोण जाणार?"

"चिदंबरम."

बोललो खरा. वीस वर्षं राबून मिळवलेली मुखत्यारी एका पावलात गेली होती. मी बाळंतिणीच्या खोलीशी पोचलो. उमैयाळने मला नखशिखांत न्याहाळलं.

"आधी पाय धुऊन या," ती म्हणाली.