शर्यतीच्या गाडीला दिवे

बागवाले काका डोंगरावरून उतरले ते पंपाची मोटर खांद्यावर घेऊनच. दोन तास पायवाट तुडवली, पुलापाशी एका टेम्पोवाल्याला गळ घातली आणि भर दुपारी वाइंडरबाईंच्या दुकानात येऊन मोटर खाली ठेवली. मग तिच्या शेजारीच मटकन बसले.

बाईंनी मोटर उघडली, नाक जवळ नेऊन हुंगली, आत बॅटरी मारून बघितली आणि झाकण परत लावलं.

"काका, मोटर ठणठणीत आहे. कंडेन्सर गेलाय. पाच मिनिटांचं काम."

मुठीत मावेल एवढा तो डबा काकांनी हातात घेऊन उलटसुलट केला. "म्हणजे एवढ्याशासाठी मी हे धूड वाहून आणलं?"

"हो."

"आणि आता परत वर न्यायचं?"

बाईंनी नवा कंडेन्सर जोडून दिला. काका आधी हसले, मग खांदा चोळत उठले. ते गेल्यावरही बाईंच्या डोळ्यांपुढून तो खांदा हलेना. आपण खिशात कंडेन्सर टाकून वर गेलो असतो तर? पण जायचं कशाने? घरची व्हॅन पुलाच्या पुढे जात नव्हती. पायी जावं तर एका कामात अख्खा दिवस खलास.

अठ्ठावीस वर्षं त्या जळक्या मोटरी भरत होत्या. जुनी तार उपसायची, नवी तांब्याची तार वेढा-वेढा मोजून भरायची, वार्निश द्यायचं. सगळं गाव त्यांना वाइंडरबाई म्हणायचं. नवऱ्याची बेकरी भिंतीपलीकडेच होती, आणि त्याला चिडवायची लहर आली की तोही तेच म्हणायचा.

त्या संध्याकाळी बाई बेकरीच्या मागच्या शेडमध्ये गेल्या आणि मैद्याची रिकामी पोती बाजूला ओढायला लागल्या. पोत्यांखाली दिराची मोटारसायकल होती. उंच, हडकुळी, माती उडवत धावायला केलेली. एकोणीस वर्षांपूर्वी शर्यतीत दिराचा उजवा गुडघा निकामी झाला, तेव्हापासून ती तिथेच उभी होती. आता दीर भावाबरोबर भट्टी सांभाळत होता. गाडीचा विषय तो काढत नसे, आणि कुणी काढला तर भट्टीत काहीतरी करपत असल्यासारखा उठून जाई.

आज मात्र तो शेडच्या दारात येऊन उभा राहिला.

"वहिनी, काय चाललंय?"

"भाऊजी, ही गाडी मला द्या. डोंगरावर कामाला जायचंय."

"तुम्हाला?" त्याने बाईंकडे डोक्यापासून पायापर्यंत बघितलं. त्याला फार वेळ लागला नाही, कारण बाई पाच फूटही नव्हत्या. "अहो, ही शर्यतीची गाडी आहे. तिला दिवा नाही, हॉर्न नाही, आरसा नाही. पुलापर्यंतचा रस्ता तरी कसा गाठणार? पहिल्याच चौकात पकडतील."

"दिवा नाही, कारण तिच्यात दिव्यापुरती वीज तयार होत नाही. बरोबर?"

"बरोबर."

"मग वीज हे या घरात कुणाचं काम आहे?"

दिराने एक पोतं स्वतःच बाजूला ओढलं. "न्या," तो म्हणाला. "पण इंजिनाला मी सोडून कुणी हात लावायचा नाही."

अशी कामाची वाटणी झाली. दीर इंजिनात आणि बाई विजेत. नवऱ्याच्या वाट्याला पेट्रोलची टाकी आली. आतला गंज काढायला तिच्यात बारीक खडी भरून ती हलवायची होती. टाकी कवटाळून तो शेडमध्ये असा काही नाचला की पाव घ्यायला आलेली गिऱ्हाइकं मागे येऊन बघून गेली.

इंजिन उघडलं तर रिंगा पिस्टनला चिकटून बसलेल्या. दिराने सिलिंडर लेथवाल्याकडून साफ करून घेतला, मापाने मोठा पिस्टन बसवला, कार्बोरेटरचं एकेक भोक तारेने मोकळं केलं. पुढच्या शॉकअपमधून डांबरासारखं तेल निघालं. तो कामाला बसला की जेवायला हाका माराव्या लागत.

बाईंनी चुंबकाच्या चाकाखालची प्लेट काढून दुकानात नेली. तिच्यावर गोलात लोखंडाचे आठ दात होते. दोन दातांवर ठिणगीपुरती तार, बाकी सहा रिकामे. शर्यतवाल्यांना नुसती ठिणगी पुरे! बाईंनी चार दात भरले. प्लेट बाकावर बसवून वरचं चाक ड्रिलने फिरवलं, तसा दिवा असा लख्ख पेटला की त्यांनी स्वतःशीच मान डोलावली.

मग आली सीट. गाडीवर बसलं की बाईंचे दोन्ही पाय हवेत. त्यांनी नवऱ्याची पाव कापायची सुरी उचलली, सीटचं कव्हर उलगडलं आणि आतला फोम चार बोटं उतरवला. मागचा शॉकअपही खाली घेतला. आता पायांचे पंजे टेकायला लागले.

दिराने ते बघितलं आणि त्याचा चेहरा पडला. "विचारायचं तरी होतं."

"विचारलं असतं तर नको म्हणाला असतात."

"म्हणालोच असतो!"

दोन दिवस तो बोलला नाही. नवऱ्याची तक्रार वेगळीच होती. सुरीला रबराचा वास येत होता.

तिसऱ्या दिवशी इंजिन जोडून झालं आणि अबोला धरून भागेना, कारण किक मारायला दिराचा गुडघा चालत नव्हता. बाईंनी मारली. काही नाही. पुन्हा मारली. बारा झाल्या, पंधरा झाल्या, घाम निथळायला लागला.

"वहिनी, जोर नको. किक हळू दाबत न्या. अडली? तिथून केसभर पुढे. आता वर येऊ द्या. आणि आता एकदाच, शेवटपर्यंत, न घाबरता."

इंजिन धडधडून उठलं. शेडच्या पत्र्यावरची धूळ खाली आली. भिंतीपलीकडे कुणाच्या तरी हातून ट्रे पडला.

सवयीने दिराने हँडल धरलं, आणि सवयीनेच पाय पलीकडे टाकला. पाय गेला. न वाकणाऱ्या गुडघ्यासकट सीटवरून सरळ पलीकडे गेला. त्या जुन्या उंच सीटवरून तो कधीच गेला नसता. दीर सीटवर नीट बसला. मग त्याने क्लच सोडला आणि बेकरीच्या अंगणात दोन फेऱ्या मारल्या, तिसरी मारली, चौथीला पिठाच्या गोण्यांना वळसा घालून आला.

"पुढचा शॉकअप कडक आहे," उतरून तो म्हणाला आणि स्क्रू ड्रायव्हर शोधायला गेला. सीटचा विषय पुन्हा निघाला नाही.

मागच्या चाकाच्या दातेरी चकतीवरून मात्र घासाघीस झाली. दिराला चढावासाठी बावन्न दात हवे होते, बाईंना रस्त्यावरच्या वेगासाठी चव्वेचाळीस. "बावन्नवर रस्त्यात सायकलवाले पुढे जातील." "चव्वेचाळीसवर चढावर ढकलत न्याल." शेवटी सौदा अठ्ठेचाळीसवर पटला आणि दोघांनाही आपणच जिंकल्यासारखं वाटलं.

आरसे, हॉर्न, इंडिकेटर, नंबराची पाटी, सगळं लागलं. गाडी व्हॅनमध्ये घालून दोघं वाहन तपासणी केंद्रावर गेली. तपासनीस उंच होता आणि अजिबात घाई नसलेला. त्याने हॉर्न वाजवला, ब्रेक दाबले, टायरमध्ये नख रुतवलं आणि पेन्सिलने सावकाश कागदावर खुणा केल्या.

"आता गाडी नुसती चालू ठेवा. रेस देऊ नका."

इंजिन टुकटुक चालत राहिलं आणि हेडलाइट पिवळा पडला. त्याने ब्रेक दाबला तसा आणखी उतरला, विझायच्या बेतात आला.

"सिग्नलला थांबलात तर दिसणार कशा, बाई?"

"अहो, ही गाडी सिग्नलला थांबायला जन्मलेली नाही!" दीर उसळला. "जरा रेस द्या की, मग बघा कसा..."

"भाऊजी," बाई म्हणाल्या, "साहेबांचं बरोबर आहे. चूक माझी आहे."

व्हॅनमध्ये बसल्यावर त्यांनी सांगितलं. "बाकावर मी चाक ड्रिलने फिरवलं. उभ्या गाडीचं इंजिन त्या वेगाने कुठे फिरतं? मुलाखत ड्रिलची घेतली आणि कामावर ठेवलं गाडीला."

दीर खो खो हसला. आपली चूक इतक्या सहज उचलून पुढे ठेवणारं माणूस त्याने शर्यतीच्या जगात तरी पाहिलं नव्हतं.

बाईंनी सगळे वेढे उपसले. या वेळी सहाच्या सहा दात भरले, आणि ड्रिल कपाटात ठेवून गाडीच्या स्वतःच्या इंजिनावरच तपासले. आठवड्याने तोच तपासनीस, तीच शांत पेन्सिल. इंजिन टुकटुक चालत होतं, ब्रेक दाबलेला होता आणि दिवा जराही उतरला नाही.

"कुणी भरलं हे?"

"मी."

त्याने बाईंकडे बघितलं, मग दिराकडे, मग पुन्हा बाईंकडे. शिक्का मारताना आवाज खाली आणून म्हणाला, "आमच्या घरी एक पंखा आहे. फिरतो, पण कुरकुरतो."

"आणा," बाई म्हणाल्या. "बघते."

मग रोज पहाटे महिनाभर दिराने त्यांच्याकडून नदीकाठच्या वाळूत सराव करून घेतला. उभं राहून चालवायचं, नजर चाकावर नाही तर पुढे, घसरली तर गाडी सोडून द्यायची. परवाना हातात पडला त्याच आठवड्यात बागवाले काकांचा फोन आला. "पंप चालू केला की फ्यूज उडतो. मोटर खाली आणू?"

"तिला हात लावू नका. मीच येते."

पुलापर्यंत गाडी शहाण्यासारखी रस्त्याने गेली. पुढे दगड सुरू झाले. बाई गाडीच्या पायदानांवर उभ्या राहिल्या आणि दुसऱ्या गियरमध्ये चढायला लागल्या. ओढ्याच्या काठी ओल्या दगडावर मागचं चाक सटकलं आणि त्या आडव्या झाल्या. एक आरसा वाकला, कोपर सोललं. उठून आधी हत्यारांची पिशवी बघितली, मग गाडी उभी केली. तापलेलं इंजिन दोन किकना ऐकेना. घाई न करता त्यांनी किक अडेपर्यंत नेली, केसभर पुढे घेतली आणि तिसऱ्यांदा मारली. पाऊण तासात त्या बागेत होत्या.

काका बांधावर आ वासून उभे होते. "तुम्ही? यावरून?"

"मीटर कुठे आहे?"

मोटरीला काही झालं नव्हतं. उंदराने मीटरच्या पेटीमागची केबल कुरतडली होती. वीस मिनिटांत पाणी सुरू झालं. काका पाटाच्या कडेला बसले आणि नळीचं तोंड उगाचच एकदा इकडे, एकदा तिकडे करत राहिले.

तेवढ्यात वरच्या टप्प्यावरून कुणीतरी ओरडलं. तिथल्या शेतकरीणबाईंची मोटर चार महिने बंद होती, आणि ती खाली वाहून न्यायला घरात कुणी नव्हतं.

"वर वाट आहे का?" बाईंनी विचारलं.

"शेळ्या जातात त्यावरून," काका म्हणाले.

"रुंदी किती?"

काकांनी दोन्ही हात पसरून दाखवले.

"पुष्कळ झाली," म्हणत बाईंनी पिशवी आवळून बांधली.

ती मोटर मात्र खरोखर जळली होती. भरायला पाच दिवस लागतील, असं सांगून बाईंनी तिच्यातली तारेची पेटी, म्हणजे जळके वेढे असलेला लोखंडी भाग, तेवढी सोडवून गाडीच्या मागे करकचून बांधली. संध्याकाळी बेकरीच्या अंगणात त्या उतरल्या तेव्हा दिराने आधी गाडीभोवती फेरी मारली, वाकलेला आरसा हाताने सरळ केला आणि मगच कोपराकडे बघितलं.

"कुठे?"

"ओढ्याच्या काठी."

"उद्या माझ्याबरोबर चला, व्हॅनने पुलापर्यंत. तो दगड मला बघायचाय." पण उद्या बाईंना वेळ नव्हता. त्यांनी दुकानाच्या फळ्यावर खडूने लिहिलं, मंगळवार आणि शुक्रवार डोंगरावरची कामं, आणि तारेची ती पेटी उघडायला बसल्या.