लोण्याची बंदी

"लोणी?" नोरीनने पुन्हा विचारलं.

"लोणी, साय, चीज, तळलेलं. जाईल तेवढं द्या," कॉर्क शहरातल्या इस्पितळातला नवा डॉक्टर म्हणाला. "फक्त जेवताना या नव्या गोळ्या विसरायच्या नाहीत. त्यांच्याशिवाय चरबी पचणार नाही."

शेजारी तिची थोरली लेक ग्रॉन्या बसली होती. वय तेरा, दिसायला आठ. धाकटीला आखूड झालेले कपडे थोरलीच्या अंगाला बसत, अशी त्या घरात उलटी गंगा होती. सिस्टिक फायब्रोसिस. पचनाचा रस आतड्यात पुरता उतरतच नाही, मग खाल्लेलं तूप-लोणी तसंच बाहेर पडतं, तेलकट आणि घाण वासाचं. पोरगी खाते आणि वाढत नाही.

"लोण्याचं बोटसुद्धा लावू नका, असं तुमच्याच लोकांनी सांगितलं होतं."

"तेव्हा तसंच समजत होते, मिसेस लूसी. आता ज्ञान पुढे गेलंय."

"तुमचं ज्ञान पुढे गेलं. माझी पोरगी तिथंच राहिली."

डॉक्टरने मान खाली घातली. बिचारा नवा होता, पण नोरीनला त्याची कीव आली नाही.

दुभत्या गायींच्या घरात तिने लोणी कुलपात ठेवलं होतं. उकडलेल्या बटाट्यावर लोणी नसेल तर त्या भागात त्याला कुणी जेवण म्हणत नाही. सासूला, हॅनाला, ते बघवेना. नोरीन गोठ्यात गेली की म्हातारी नातीला लोण्यात कुस्करलेला बटाटा भरवायची. एक दिवस पकडली गेली.

"तुम्ही माझ्या पोरीला मारताय," नोरीन म्हणाली होती. "या घरात हे चालणार नाही."

म्हातारीने बोचकं बांधलं, मॅलो गावी लेकीकडे गेली आणि तिथेच वारली. दफनाच्या दिवशी नोरीन चर्चमध्ये सगळ्यात मागे बसली होती. खरं तर म्हातारीचंही चुकतच होतं, गोळ्यांवाचून ते लोणी पोरीच्या अंगी लागणार नव्हतं. पण तिने पोरीला पोटभर जेवू तरी घातलं होतं. नोरीनने डॉक्टरांचं ऐकलं आणि पोटच्या पोरीला उपाशी ठेवलं.

संध्याकाळी तिने वाफाळत्या बटाट्यावर लोण्याचा गोळा टाकला. ग्रॉन्याने ताटली सरकवली.

"नको. किळस येते."

"डॉक्टर म्हणाले ना?"

"आधीचापण डॉक्टरच होता."

"खा गं बाई. माझ्यासाठी खा."

"आजीला यासाठीच घालवलंस ना तू?"

नोरीनला आधी राग आला. हातही उचलला जाणार होता. मग सगळा जोर ओसरला.

"हो," ती म्हणाली. "यासाठीच."

ग्रॉन्याने गोळी गिळली, काट्यावर घास घेतला आणि परत खाली ठेवला.

"तू समोर असलीस की घशाखाली उतरत नाही."

"मग काय करू मी?"

"तू घरात नसायचीस तेव्हाच खायचे ना मी."

नोरीन उठली. अंगणात येऊन तिने दार ओढून घेतलं. बाहेर कडाक्याची थंडी होती आणि कोट आतच राहिला होता. गोठ्यातून नवरा दुधाच्या बादल्या घेऊन आला.

"इथं काय करतेस? सरक, आत जाऊ दे."

"थांब जरा," ती म्हणाली. "पोरगी जेवतेय."

त्याने तिच्याकडे पाहिलं, बादल्या खाली ठेवल्या आणि तोही तिच्याजवळ उभा राहिला.