खाटेपासून खुर्चीपर्यंत

मी एक जुनी सागवानी फळी आहे. मित्रांनो, माझी लांबी दीड हात आणि रुंदी वीतभर. माझ्या कडा गोल आहेत आणि दोन्ही टोके रंध्याने उतरती केलेली आहेत. घरात कोणी नवीन पाहुणा आला की मला उलटसुलट करून बघतो. कुणाला वाटते मी भाजी चिरायची, कुणाला वाटते देव ठेवायची. माझे खरे काम सहसा कुणाच्या लक्षात येत नाही.

पूर्वी मी खूप लांब होते. धरमतरच्या खाडीत माल वाहणाऱ्या एका बार्जवर माझा मुक्काम असे. बार्ज धक्क्याला लागला की मला आडवे टाकीत आणि डोक्यावर ओझी घेतलेली माणसे माझ्यावरून ये-जा करीत. खाली गढूळ पाणी असे. मी वाकत असे, पण कुणाला पडू दिले नाही. पुढे बार्ज भंगारात गेला आणि मी पेणच्या पोपट सुतारांच्या दुकानामागे भिंतीला टेकून उभी राहिले. शेजारच्या फळ्या वाळवीने खाल्ल्या. माझ्यात खारे पाणी मुरलेले होते, म्हणून मी वाचले. पण नुसते उभे राहून वाचण्यात काय सुख?

एक दिवस रोह्याहून रोहिणीताई दुकानात आल्या. पाठीच्या कण्याला इजा झालेली माणसे जिथे पुन्हा आपली आपण वावरायला शिकतात, अशा एका केंद्रात त्या शिकवतात. त्यांनी हातांनी माप दाखवले.

"एवढ्याशा फळीवर माणूस बसनार? पडंल ना ताई," पोपट सुतार म्हणाले.

"बसायचं नाही, काका. सरकायचं. खाटेवरून खुर्चीवर."

सुतारांनी मला कापले, रंधा मारून घासले. शेवटी त्यांनी बाही वर केली आणि मनगटाच्या आतल्या बाजूची कातडी माझ्यावरून फिरवली. तेव्हा मला त्याचे नवल वाटले होते.

केंद्रात मला नमिताच्या खाटेजवळ ठेवले. नमिता कासूजवळच्या खाडीकाठच्या गावातली. ती मिठागरावर कामाला जायची. गोण्या भरलेला टेम्पो बांधावरून कलंडला आणि तिच्या पाठीच्या कण्याला इजा झाली. तेव्हापासून कमरेखाली तिला हालचाल नव्हती आणि स्पर्शही कळत नव्हता.

रोहिणीताई सांगायच्या, "खुर्ची खाटेला चिकटव. ब्रेक लाव. फळीचं एक टोक मांडीखाली, दुसरं खुर्चीवर. आता पुढं वाक आणि हातांवर भार घे."

"मी पडन," नमिता म्हणायची.

समोरच्या खाटेवर मारुती नावाचा रानातल्या वाडीवरचा माणूस होता. मध काढताना झाडावरून पडलेला. तो म्हणाला, "बाय, फळी बार्जवरची हाय म्हनं. पडलीस तर बुडशील. पवायला येतं का?"

"तुज्यापेक्षा बरं येतं. तू तर झाडावर पन टिकला नायस!"

सगळे हसले. हसता हसता नमिता माझ्यावरून बोटभर सरकली होती.

ती घरी आली तेव्हा तिच्यासोबत मीही आले. तिचा नवरा दत्तात्रेय रोह्याला कंपनीत शिफ्टला जातो. तो रजा काढून घरी राहिला होता. नमिताला तो दोन्ही हातांवर उचलायचा. "आमी हाव ना. फळी कशाला?" असे म्हणायचा. पण रजा संपत आली. त्याची आई इंदुबाई म्हातारी, तिला उचलणे झेपत नव्हते. मग तो म्हणू लागला, "नोकरी सोडतो."

त्या नोकरीवर घर चालत होते. नमिताने त्याला बजावले, "माज्यापायी नोकरी सुटली नाय पायजे. मला आपलं आपन उठता आलं म्हनजे झालं ना?"

ती रोज माझ्यावरून सरकायचा सराव करू लागली. अर्ध्या वाटेपर्यंत, मग त्याच्याही पुढे. दत्तात्रेय पुन्हा कामावर जाणार असे ठरले.

तेवढ्यात हंगामाचे पहिले मीठ घरी आले. इंदुबाईच्या घरची एक रीत आहे. ज्या अवजारावर घर उभे आहे, त्याच्यावर पहिले मीठ ठेवायचे आणि हळदकुंकू वाहायचे. दरवर्षी हा मान मिठागरावरच्या फावड्याचा. त्या वर्षी इंदुबाईने मला पाटावर ठेवले. "माज्या सुनंचं पाय हायत हे," ती म्हणाली आणि ओंजळभर मीठ माझ्यावर ठेवले. मित्रांनो, माझ्यावरून शेकडो माणसे गेली, पण मला कुणी कधी नमस्कार केला नव्हता.

संध्याकाळी इंदुबाईने मीठ काढले, मला फडक्याने पुसले आणि तळवा फिरवून पाहिला. "साफ झाली," ती म्हणाली.

पण मी साफ नव्हते. काही खडे माझ्या रेषांमध्ये रुतले होते आणि मिठाने मी दमटही झाले होते. सकाळी नमिता सरकू लागली तेव्हा तिचा गाऊन मला चिकटला. तिने जास्त जोर लावला. खाली कातडी खरचटत होती, ते तिला कळले नाही. मला कळत होते, पण मला तोंड कुठे आहे?

रोज रात्री आरशात कातडी बघायची केंद्राची शिकवण होती, म्हणून लाल चट्टा दिसला. चार दिवसांत त्याची जखम झाली. बसणे बंद. नमिता पालथी पडून राहिली. दत्तात्रेयने बिनपगारी रजा वाढवून घेतली. होळी आली आणि गेली. "आता नोकरी सोडल्याबिगर इलाज नाय," दत्तात्रेय पुन्हा म्हणू लागला, आणि या वेळी नमितानेही त्याला अडवले नाही. इंदुबाईने मला तांदळाच्या पिंपामागे टाकले. कधी उन्हात काढलेच तर माझ्यावर सुकट वाळत पडायची.

जखम पाहायला रोहिणीताई घरी आल्या. "फळी कुठाय?" त्यांनी विचारले. मला बाहेर काढून त्यांनी आपल्या मनगटावरची कातडी माझ्यावरून फिरवली, आणि थांबल्या.

"आई, तुम्ही बघा."

इंदुबाईने तळवा फिरवला. "काय नाय. मी पुसली व्हती."

"तळवा नको. इथली कातडी लावा."

इंदुबाईने मनगट टेकवले. "अगो बाय! टोचतंय!" ती खालीच बसली. जन्मभर मीठ ओढून तिच्या तळव्यांना इतके घट्टे पडले होते की मिठाचा खडाही त्यांना कळेनासा झाला होता. "माज्याच हातानं झालं गो," ती नमिताला म्हणाली.

नमिता पालथी पडल्या पडल्या म्हणाली, "आई, त्या हातानीच जखम पन धुताव ना रोज. आता रडू नका, फळी धुवा."

मला धुतले, वाळवले. पेणला नेऊन पुन्हा रंधा मारला. जखम भरली. रोहिणीताईंनी थोडा थोडा वेळ बसायची परवानगी दिली.

मग ती सकाळ आली. दत्तात्रेय बूट घालून दारात उभा होता. त्याचे कामावर जाणे आता नमिताच्या दोन हातांवर होते. इंदुबाईने मनगट माझ्यावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवले. "गुळगुळीत हाय. ये."

नमिता पुढे वाकली. मधोमध येऊन थांबली. दत्तात्रेय पुढे झाला.

"हात मागं घ्या. गाडी चुकंल तुमची."

तिने पुन्हा हातांवर भार घेतला. मी थोडीशी वाकले, बार्ज आणि धक्का यांच्यामध्ये वाकत असे तशी. आणि ती खुर्चीत पोचली.

दत्तात्रेय इकडेतिकडे शोधू लागला. मग म्हणाला, "माजा डबा कुठाय?"

"तुमच्या हातात हाय," नमिता म्हणाली.

तो कासू स्टेशनच्या वाटेला लागला.

यंदाही पहिले मीठ आले. इंदुबाईने मला पाटावर ठेवले, ओंजळ भरली, आणि थबकली. मग वळून तिने ते मीठ नमिताच्या तळव्यांवर ठेवले. चाके ढकलून आणि माझ्यावर भार टाकून त्या तळव्यांनाही आता घट्टे पडले आहेत. इंदुबाईने त्यांना हळदकुंकू लावले. मी पाटावर तशीच होते, कोरडी आणि रिकामी. मला तेच आवडले.

मित्रांनो, माझ्यासारखी फळी कुणाच्या घरी दिसली तर तिला नमस्कार करू नका. तिला कोरड्या फडक्याने पुसा. मग बाही वर करा आणि मनगटावरची कातडी तिच्यावरून हळू फिरवा. बसणाऱ्याला जे कळत नाही, ते त्याच्या आधी तुम्हाला कळू द्या.