नैरोबीतली दोन वर्षं

मी नैरोबीला कधीच गेलो नव्हतो, हे घरात फक्त मला माहीत होतं.

हेरंबने, म्हणजे माझ्या मुलाने, गुडगावला चौदाव्या मजल्यावर फ्लॅट घेतला आणि दिल्लीत आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरात जन्म काढलेला मी तिथे राहायला गेलो. माझी बायको अहिल्या त्याआधीच वारली होती. हेरंब आणि सूनबाई दिवसभर ऑफिसात. नातवंडांशी काय बोलावं ते मला सुचत नसे. एकदा धाकट्या गौरवला पुस्तकातल्या सिंहिणीची हकीकत सांगताना ‘मी जीपमध्ये बसलो होतो’ असं तोंडून निघून गेलं. गौरव पहिल्यांदाच मला चिकटून बसला. मग मी लग्नाआधी दोन वर्षं नैरोबीच्या आपल्या सरकारी कचेरीत होतो, असं होऊन बसलं. मुळात मी इतकं कमी बोलतो, की हेरंबलाही नवल वाटलं नाही. अहिल्या असती तर माझी छाती झाली नसती.

आणि आता हेरंबने केनियाची सफारी ठरवली.

“गाइड घरचाच आहे,” तो रविवारी टेबलावर कागद पसरत म्हणाला. “बाबा, आधी नाकुरू की डायरेक्ट मसाई मारा?”

“नाकुरू,” मी म्हणालो. पुस्तकात तसं होतं. “आणि अंधार पडल्यावर तंबूबाहेर जायचं नाही. तरस येतात.”

“तरस म्हणजे?” गौरवने विचारलं.

“लकडबग्घा, बुद्धू,” क्षिप्रा म्हणाली. ती बारा वर्षांची, गौरव सात.

हेरंबने पासपोर्टचा फॉर्म माझ्यापुढे सरकवला. “जुन्या पासपोर्टचा नंबर लागेल.”

“तो सरकारी होता. परत आल्यावर मंत्रालयात जमा करतात.” नियम तसाच आहे, म्हणून हे बोलताना जीभ अडखळली नाही.

“अच्छा. मग नंबर अंदाजाने टाका. चाळीस वर्षांपूर्वीचं कोण बघतंय? भरून पाकिटात घाला, उद्या एजंट येईल.” तो अंघोळीला गेला. गौरव आपल्या खोलीत पळाला.

मी फॉर्म पाहत बसलो. चौतीस वर्षं मी लोकांचे अर्ज चुकीच्या नोंदीसाठी परत पाठवले होते. खाली छापलं होतं, वरील माहिती खरी आहे. त्याखाली माझी सही. गुडघ्यांचं निमित्त सांगून घरी राहावं, तर गौरवने आधीच बजावलं होतं, आजोबा नाहीत तर मीही नाही. शिवाय, खरं सांगायचं तर, मला जायचं होतं. बहुधा सगळ्यांपेक्षा जास्त.

‘यापूर्वी पासपोर्ट होता काय?’ पुढे मी ‘नाही’ लिहिलं आणि सही केली.

“आजोबा, ते चुकलंय.” क्षिप्रा खुर्चीमागे उभी होती.

“नाही चुकलं.”

ती पुढे आली. “म्हणजे तुम्ही गेलाच नव्हता?”

“नाही.”

“आणि ती सिंहीण?”

“पुस्तकातली.”

“जीपचं टायर पंक्चर झालं ते?”

“ते पुस्तकातही नव्हतं. ते मीच केलं.”

तिला हसू फुटलं, मग तिने ओठ दाबले. “पप्पांना सांगणार?”

“फॉर्म त्यालाच द्यायचाय. तो वाचेलच.”

“पप्पा काही वाचत नाहीत.” तिने फॉर्म उचलला, घडी केली, पाकिटात घातला. “पण गौरवला बिल्कुल कळता कामा नये. त्याने सगळ्या क्लासला सांगितलंय. मॅडमनी तुम्हाला शाळेत बोलावलंय, उद्या. आफ्रिकेवर बोलायला. तो तुम्हाला आज सांगणार होता.”

“मी नाही जाणार,” मी म्हणालो. माझा आवाज मलाच बारीक वाटला.

“मग तो खोटारडा ठरेल. तुम्ही नाही.”

सरकारला मी खरं सांगितलं होतं. घरात मात्र आता खोटं बोलणारे आम्ही दोघं झालो होतो, आणि त्यातली एक मला घरातली सगळ्यात शहाणी वाटत होती.

तेवढ्यात गौरव चार्टपेपर घेऊन धावत आला. त्यावर आफ्रिकेचा हिरवा नकाशा होता, एका कोपऱ्यात जिराफ.

“आजोबा, तुमचं ऑफिस कुठे होतं? इथे खूण करा. उद्या दाखवायचंय.”

मी क्षिप्राकडे पाहिलं. ती पाकिटाला गोंद लावत होती.

“करा ना आजोबा,” ती वर न बघता म्हणाली.

गौरवने लाल खडू माझ्या हातात दिला. त्याच्या नकाशात कुठलंच शहर नव्हतं. मी मधोमध एक फुली मारली.