कमलाताईचं झिपवालं बायबल

कमलाताईनं मले फसवलं. हे पयले सांगून टाकते, नाई तं तुमी म्हणान, नलू गोडगोड बोलून राहिली.

आमी स्टील प्लांटच्या बाजूच्या वस्तीत, खुर्सीपारले राहतो. माया नवरा शालिकराम प्लांटमंदी ठेकेदाराकडं कामाले. दोन वर्सांपयले मले काय झालं कोण जाणे, खाटेवरून उठाचं मनच नाई होये. भाजी करपे आन् मी नुसती पाहत राहो. डॉक्टरनं गोळ्या देल्ल्या. त्याच टायमाले वळखीच्या कमलाताईनं मले सेक्टर दोनमंदल्या तिच्या क्वार्टरवर रविवारच्या प्रार्थनेले नेलं, ते तीच चालवे. तिथं मले कोणी पागल नाई म्हटलं. येशूसमोर पोटभर रडली आन् हलकी झाली. ते खोटं नवतं, आजही खोटं नाई म्हणत.

आमच्या प्रार्थनेत गवाही देतात. प्रभूनं आपल्यासाठी काय केलं, ते उभं राहून सगळ्याइले सांगाचं. होळीच्या आधी ताई मले म्हणे, "नलू, प्रभूनं तुले चंगं केलं, बरं केलं, मंग गोळी कायले? गोळी म्हणजे अविश्वास. फेक आन् गवाही दे."

"डॉक्टर नाई म्हणते, ताई."

"डॉक्टर मोठा का प्रभू?"

आता यावर काय बोलावं बाप्पा! त्या रविवारी मी उभी राहिली आन् गोळ्यांचं पाकीट सगळ्याइसमोर ताईच्या हाती देलं. टाळ्या वाजल्या. लई भारी वाटलं, खोटं कायले बोलू.

तीन हप्त्यांत मी पुन्हा खाटेवर. एक दिवस माही सहा वर्सांची उन्नती दुपारभर शाळेच्या गेटवर उन्हात उभी, आन् मी घरी भिंत पाहत बसली. शेजारच्या मोनानं पोरीले आणून देलं. शालिकराम वरडला नाई. एवढंच म्हणे, "आणखी एक खेप असं झालं तं मी तिले गोंदियाले मामाकडं ठेवतो." पोरगी गेली तं मी उठू कोणासाठी? दुसऱ्याच दिवशी दवाखान्यात जाऊन गोळ्या परत सुरू केल्या. ताईले सांगितलं तं म्हणे, "तुयाच विश्वास कमी पडला."

महिन्याभरानं, प्रार्थनेच्या आधी, मी तिच्याकडं सतरंज्या टाकून राहिली होती. ताई किचनमधून म्हणे, "नलू, माहं बायबल आण वो." तिच्या बायबलले झिपचं कव्हर आहे. झिप उघडीच होती. उचललं तं आतून गोळ्यांचं पाकीट पडलं. तेच नाव, मायावालीच गोळी. वाटलं, मीच देल्लेलं असन. मंग संगं गुंडाळलेली डॉक्टरची चिठ्ठी पाहिली. नाव कमलाताईचं. तारीख मागच्याच हप्त्याची, आन् खाली लिहिलेलं, गोळी तीन वर्सांपासून चालू.

बाई गं! मी खाटेवर सडत होती, पोरगी उन्हात उभी होती, आन् ही रोज गोळी गिळून राहिली होती! सगळं परत आत ठेवलं आन् बायबल नेऊन देलं. तिनं झिप पाहिली, मंग मायाकडं पाहिलं. तिच्या तोंडचं पाणी पळालं.

गवाहीच्या टायमाले मीच उठली. तिचं नाव अगदी जिभेवर आलं होतं. पण तिच्याकडं पाहिलं तं ते माहंच तोंड होतं, खाटेवरचं. मी पर्समधून आपलं पाकीट काढून वर धरलं. "मी गोळी घेते. प्रार्थनाही करते. दोन्ही प्रभूनंच देल्लं. मागच्या गवाहीत मी चुकली." बसली. टाळी नाई वाजली.

मंग ताई उठली. वाटलं, आता तरी बोलन. तिनं माया डोक्यावर हात ठेवला आन् मोठ्यानं म्हणे, "प्रभु, इस बहन का विश्वास कमज़ोर है, इसे माफ कर." सगळे म्हणे, आमेन.

मले तो हात झटकाचा होता. देवाशपथ, झटकाचा होता. पण हात थरथरून राहिला होता, म्हणून राहू देला.

चपला घालताना ती जवळ आली. "कोणाले सांगशीन नाई न?"

"नाई. पण माही पोरगी उन्हात उभी होती, ताई. ते मी विसरत नाई." मंग मायाच तोंडून निघालं, "बुधवारी मी डॉक्टरकडं जाते, महिन्याची गोळी आणाले. लपून एकटी कायले जातं तू? दहा वाजता चौकात ये, संगं जाऊ."

बुधवारी दहापासून अकरापर्यंत मी चौकात उन्हात उभी होती. ताई नाई आली. मनातल्या मनात तिले शिव्या देल्ल्या आन् एकटीच गेली. पुढच्या महिन्यातही तिथंच थांबीन.